संगणकयुगातील श्रम आणि हातांचे आरोग्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो, तेव्हा वास्तू, देणग्या आणि उपक्रम यांची नोंद अगत्याने होते. तथापि याच पन्नास वर्षांत घराघरांत आणि पेढ्यापेढ्यांवर जो एक मोठा बदल घडला, त्याची नोंद सहसा होत नाही. तो बदल म्हणजे उपजीविका मिळवून देणाऱ्या हाताच्या कामात झालेला बदल. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील व्यापारी कुटुंबांत पूर्वी ज्या हातात लेखणी, कात्री अथवा मीटरपट्टी असे, त्याच कुटुंबांतील नव्या पिढीच्या हातात आज कीबोर्ड आणि माऊस आहे. कोणी सनदी लेखापालाकडे उमेदवारी करीत आहे, कोणी बँकेत आहे, कोणी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तर कोणी वडिलोपार्जित दुकानाचेच हिशेब संगणकावर ठेवीत आहे.

हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्याबरोबर एक दुखणेही घरात आले आहे. ते रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, क्ष-किरणांच्या चित्रात बहुधा उमटत नाही आणि म्हणूनच घरच्या मंडळींना अनेकदा खरेही वाटत नाही. "दिवसभर खुर्चीत बसून तर काम करायचे, त्यात हात दुखायला काय झाले?" हा प्रश्न कित्येक घरांत विचारला जातो. आजच्या विषयाचा आरंभ याच प्रश्नापासून करणे उचित ठरेल.

या दुखण्यास इंग्रजीत 'रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी' आणि संक्षेपाने 'आर.एस.आय.' असे म्हणतात. एकच हालचाल दीर्घकाळ, पुनःपुन्हा, पुरेशी विश्रांती न देता केल्याने स्नायू, कंडरा आणि मज्जातंतू यांना होणारी इजा, असा त्याचा अर्थ. हा एकच रोग नव्हे. मान, खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांच्या अनेक विकारांचे ते सामुदायिक नाव आहे.

बोटाने एक कळ दाबण्यास जोर तो कितीसा लागतो? जवळजवळ नाहीच. पण व्यापाऱ्याला एका रकमेपेक्षा बेरजेचे महत्त्व अधिक कळते. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डाटा एन्ट्रीच्या पदासाठी ताशी ८,००० कळा दाबण्याचा वेग अपेक्षित असतो आणि तो १५ मिनिटांच्या चाचणीत पाहिला जातो. त्या वेगाने कोणी दिवसातून ६ तास काम केले, तर ४८,००० वेळा कळ दाबली जाते. महिन्याचे २५ दिवस धरले, तर ती संख्या १२ लाखांवर जाते. एक मीटर कापड मोजण्यात श्रम नाहीत, परंतु हंगामात दिवसभर कापड मोजणाऱ्या नोकराचा खांदा रात्री का भरून येतो, हे दुकानदारास ठाऊक असते. येथेही तेच घडते. फरक इतकाच, की कापडाचे माप डोळ्यांना दिसते आणि कळांचे माप कोणी ठेवीत नाही.

शरीराच्या आत काय घडते, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. बोटे हलविणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्या स्नायूंपासून दोऱ्यांसारख्या कंडरा निघून मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. कंडरांची वेष्टने घासून सुजली, तर त्या अरुंद जागेत मज्जातंतूवर दाब येतो आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येऊ लागतात.

दुसरा प्रकार स्थिर ताणाचा. बोटे हलत असतात, पण मान, खांदे आणि पाठ तासन् तास एकाच स्थितीत ताठरलेली असतात. सतत आकुंचित राहिलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने वाहत नाही आणि तो थकत जातो. म्हणून पुष्कळ लोकांचे दुखणे मनगटात सुरू न होता मानेत आणि खांद्यात सुरू होते. हलविल्याने जितका त्रास होतो, तितकाच न हलविल्यानेही होतो, ही गोष्ट या विकाराच्या मुळाशी आहे.

हे दुखणे संगणकानेच निर्माण केले, असे मात्र म्हणता येणार नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून १७०० साली प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या विकारांचाही विचार केला. लेखनिकांच्या पीडेची त्यांनी तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांनंतरही या यादीत काही वाढविण्याची फारशी गरज पडत नाही. त्यांनी आपल्या परिचयातील एका लेखनिकाची हकीकत नोंदविली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने चिकाटीने डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली आणि काही काळाने तोही हात त्याच व्याधीने धरला. कामाची पद्धत न बदलता केवळ हात बदलल्याने काय होते, याचा हा धडा आजही उपयोगी आहे. पुढे तारयंत्र आले, तेव्हा संदेश पाठविणाऱ्यांच्या हाताला पेटके येऊ लागले आणि ब्रिटनने १९०८ साली या विकाराचा समावेश नुकसानभरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांत केला.

मग आजच हा प्रश्न एवढा तीव्र का वाटावा? त्याचे उत्तर जुन्या पेढीत आणि जुन्या टंकलेखन यंत्रात सापडते.

पेढीवरील मुनीम गादीवर बसून उतरत्या मेजावर रोजकीर्द आणि खातेवही लिहीत असे. त्यालाही पाठदुखी होती, त्याचीही बोटे आखडत असत. जुने ते सारे सुखाचे होते, असे नव्हे. पण त्याच्या कामात सारखे खंड पडत. शाई घ्यायची, टीपकागद लावायचा, पान उलटायचे. गिऱ्हाईक आले की लेखणी खाली ठेवून ताका काढावयास उठायचे. भरणा घेऊन बँकेत चालत जायचे, उधारीच्या वसुलीसाठी बाजारात एक फेरी मारायची.

टंकलेखन यंत्राचेही तसेच होते. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि २००९ पर्यंत त्याचे उत्पादन केले. ठाणे-डोंबिवलीच्या कित्येक तरुण-तरुणींनी अशा यंत्रांवर मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन नोकऱ्या मिळविल्या. त्या यंत्रावर प्रत्येक ओळ संपली की डावा हात उचलून दांडा सरकवावा लागे, प्रत्येक पान संपले की कागद आणि कार्बन बदलावा लागे. कळा जड होत्या, तरी दर काही सेकंदांनी हाताची हालचाल बदलत होती.

संगणकाने हे सारे लहान लहान खंड नाहीसे केले. ओळ आपोआप बदलते, पान आपोआप पुढे जाते, पत्र उठून नेऊन द्यावे लागत नाही, बँकेचा व्यवहार त्याच पडद्यावर होतो. वेळेची बचत झाली ती याच खंडांची. परंतु ज्याला रिकामा वेळ समजून वगळले, तोच हाताच्या विश्रांतीचा वेळ होता. यंत्राचा घसारा प्रत्येक ताळेबंदात नियमाने मांडला जातो. हाताच्या झिजेची तरतूद मात्र कोणत्याच वहीत केली गेली नाही. आजच्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की संगणकाने काढून घेतलेली विश्रांती आता समजून-उमजून, ठरवून परत द्यावी लागेल.

या भागातील लोकांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर पडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून या शहरांचे जीवन रेल्वेशी बांधले गेले. डोंबिवलीहून मुंबईचे टोक सुमारे ४८ किलोमीटर आहे. गर्दीच्या वेळी एका हाताने वरची कडी धरून, खांद्यावर लॅपटॉपची जड पिशवी घेऊन आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइल चालवीत तास-सव्वा तास उभे राहणारा माणूस कार्यालयात पोहोचतो, तोच थकलेला हात घेऊन. परतीच्या प्रवासात पुन्हा तेच. आठ-नऊ तासांच्या कामाला दोन्ही बाजूंनी हा प्रवास जोडला, म्हणजे हाताला खऱ्या अर्थाने विसावा मिळण्यास रात्रच उजाडते.

१ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. तेथे यंत्रांच्या खडखडाटात राबणारा कामगार हे त्या काळचे चित्र होते. आज त्याच परिसरात संगणकावर काम करणारी कार्यालयेही उभी आहेत. यंत्रावर बोट कापले, तर ती दुर्घटना म्हणून नोंदविली जाते; माऊस धरणारे मनगट हळूहळू निकामी होत असेल, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कार्यालय घरात शिरले. लहान सदनिकेत जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, प्रसंगी जमिनीवर मांडी घालून मांडीवर लॅपटॉप ठेवून लोकांनी महिनोन् महिने काम केले. कार्यालयात निदान उंची बदलणारी खुर्ची होती. घरातून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आजही अंशतः चालू आहे, पण घरातील मांडणी मात्र पुष्कळांनी तशीच राहू दिली.

हिशेबाच्या कामात तर तारखांचा रेटा असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. सर्वसाधारणपणे दर महिन्याची ११ आणि २० तारीख, त्यानंतर जुलैअखेरची विवरणपत्रे आणि सप्टेंबरअखेरचे लेखापरीक्षण, अशी ही माळ आहे. पंधरा दिवस काम रेंगाळते आणि अखेरच्या चार दिवसांत रात्री जागून पूर्ण केले जाते. शरीराच्या दृष्टीने हे अत्यंत घातक आहे. रोज दोन तास केलेली नोंद हाताला सोसते. तीच नोंद दोन दिवसांत सलग केली, तर सोसत नाही. बिले रोजच्या रोज चढविणे ही जशी हिशेबाची शिस्त आहे, तशीच ती आरोग्याचीही शिस्त आहे.

विश्रांती दिली तर काम मागे पडेल, ही भीती साहजिक आहे. या भीतीचे उत्तर अमेरिकेच्या आयकर खात्यातील एका पाहणीने दिले आहे. तेथील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. डाटा एन्ट्री करणाऱ्या ४२ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर तिचे निष्कर्ष आधारलेले होते. नेहमीच्या वेळापत्रकात दिवसातून १५ मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्या. दुसऱ्या वेळापत्रकात त्या दोन सुट्ट्या कायम ठेवून, ज्या तासात सुट्टी नव्हती अशा प्रत्येक तासाला ५ मिनिटांची विश्रांती जोडली. म्हणजे दिवसाकाठी एकंदर २० मिनिटे अधिक. चार-चार आठवड्यांनी वेळापत्रक आलटून पालटून पाहिले. वाढीव विश्रांतीच्या काळात अंगदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी आढळला. विशेष म्हणजे काम कमी झाले नाही. वीस मिनिटे दिली आणि काम तेवढेच मिळाले, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळावे. पहिला उपाय अर्थातच खंडांचा. दर अर्ध्या तासाने अर्धा-एक मिनिट हात कीबोर्डवरून पूर्णपणे काढून मांडीवर सैल सोडावेत, खांदे खाली सोडावेत, दूरवर पाहावे. आणि तासाला एकदा पाच मिनिटे जागेवरून उठावे. पूर्वजांनी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, हे एक माप मानले. एका आसनावर सलग काम करण्याची मर्यादा म्हणून हे माप लक्षात ठेवण्यास सोपे आहे. मात्र या पाच मिनिटांत मोबाइल हाती घेतला, तर ती विश्रांती राहत नाही. तीच बोटे, तोच अंगठा पुन्हा कामाला लागतो. पाण्याची बाटली टेबलावर भरून ठेवण्यापेक्षा लहान पेला ठेवावा, म्हणजे पाण्यासाठी तरी उठणे होते.

दुसरा उपाय मांडणीचा. कोपर अंगालगत सैल ठेवून सुमारे काटकोनात वाकविले असता हात जेथे येतो, तेथे कीबोर्ड असावा. मनगट वर, खाली अथवा बाजूला मुरडलेले नसावे. हाताचा पंजा आणि कोपराखालचा हात एका सरळ रेषेत राहावा. कीबोर्डच्या मागील बाजूस असलेले लहान पाय उभे केल्यास मनगट वर वाकते, म्हणून ते मिटलेलेच बरे. टंकलेखन चालू असताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नये. पडदा साधारण हातभर अंतरावर, त्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीत असावी. द्विनाभी चष्मा असणाऱ्यांनी तो थोडा खाली ठेवावा, नाहीतर मान मागे टाकून वाचावे लागते.

यासाठी फार खर्च करावा लागतो, असे नाही. घरातील जेवणाचे टेबल सुमारे ३० इंच उंच असते आणि मध्यम अथवा कमी उंचीच्या माणसाला टंकलेखनासाठी ते उंच पडते. अशा वेळी खुर्चीवर टणक गादी घालून बैठक उंच करावी आणि पाय अधांतरी राहू नयेत म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवावा. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा एकत्र जोडलेल्या असल्याने एक योग्य उंचीवर आणले की दुसरे बिघडते. म्हणून दीर्घ कामासाठी लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून त्यास वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडावा. दिवसभर लॅपटॉपवर काम करणाऱ्या घरात एवढा खर्च टाळण्यासारखा नाही.

हिशेबनीसांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. नेहमीच्या कीबोर्डवर आकड्यांच्या कळा उजव्या बाजूस असतात आणि माऊस त्यांच्याही पलीकडे ठेवावा लागतो. त्यामुळे दर वेळी उजवा हात बाजूला ताणला जातो आणि खांदा दुखू लागतो. यावर दोन मार्ग आहेत. माऊस डाव्या हाताने चालविण्याची सवय करावी, अथवा आकड्यांच्या कळा नसलेला कीबोर्ड घेऊन आकड्यांसाठी सुटी पट्टी वापरावी. पण रामाझ्झिनींच्या लेखनिकाची हकीकत विसरू नये. हात बदलणे हे विश्रांतीला पर्यायी नव्हे. हिशेबाच्या प्रणालीत पुष्कळ कामे माऊसशिवाय ठराविक कळांनी होतात. त्या शिकून घ्याव्यात. कळा हळुवार दाबाव्यात. जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेली मंडळी आजही जोराने कळा आपटतात, त्याची मुळीच गरज नाही.

तिसरा उपाय म्हणजे वेळीच दखल घेणे. हे दुखणे साधारणपणे पायरीपायरीने वाढते. प्रथम कामाच्या वेळी दुखते आणि रात्रीच्या झोपेने थांबते. पुढे सकाळी उठल्यावरही जडपणा राहतो. त्यानंतर काम नसतानाही वेदना होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते, पेला हातून निसटतो, शर्टाची गुंडी लावणे अवघड जाते. पहिल्या पायरीवर सवयी बदलल्याने बहुतेकांना आराम पडतो. शेवटच्या पायरीवर महिनोन् महिने लागतात. मलम चोळून, पट्टा बांधून आणि वेदनाशामक गोळी घेऊन तेच काम तसेच चालू ठेवणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करून आग तशीच राहू देणे होय. एक-दोन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांना आणि त्यांच्या सल्ल्याने भौतिकोपचारतज्ज्ञांना दाखवावे. बधिरपणा टिकून असेल, पकड कमी झाली असेल अथवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खोल जाऊ लागला असेल, तर अजिबात विलंब करू नये.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक मुंगी संगणकामुळे येत नाही. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गर्भावस्था, मानेच्या मणक्यांचे विकार यांतही तशीच लक्षणे दिसतात. मनगटातील बोगद्याच्या विकाराचा तर जोराची पकड आणि कंप पावणारी हत्यारे यांच्याशी असलेला संबंध कीबोर्डपेक्षा अधिक स्पष्ट आहे. म्हणून निदान तज्ज्ञानेच करावे. दुसरे असे की, छातीत दडपण, घाम आणि धाप यांसह डावा हात दुखू लागला, तर ते कामाचे दुखणे समजून घरी थांबू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

आतापर्यंत काम करणाऱ्याने काय करावे, हे पाहिले. परंतु केवळ त्याला उपदेश करून भागणार नाही. ज्याच्या हातात वेळापत्रक नाही, खुर्ची निवडण्याचा अधिकार नाही, त्याने विश्रांती घ्यावी कशी? ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनुसार संगणकावर काम करणाऱ्याच्या जागेची तपासणी करणे आणि कामात खंड योजणे ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. भारतातही या शास्त्राची जाण नवी नाही. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. माणसाच्या शरीराला अनुरूप असे काम कसे मांडावे, याचा अभ्यास अशा संस्थांत होत आला आहे. ते ज्ञान दुकानाच्या पोटमाळ्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

अनेक दुकानांतील चित्र असे दिसते: गिऱ्हाइकासाठी पांढरीशुभ्र गादी आणि वातानुकूलन असते, मालकासाठी फिरती खुर्ची असते आणि संगणकावर दिवसभर बसणारा मुलगा मात्र पोटमाळ्यावर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ताक्यांच्या आडोशाला काम करतो. तो काही बोलत नाही, कारण नोकरी जाईल ही भीती असते. सहा महिन्यांनी तो 'गावी जातो' म्हणून सोडून जातो, नवा येतो, आणि त्याचा हात का दुखत होता, हे कोणी विचारीत नाही. एका चांगल्या खुर्चीची किंमत आणि अनुभवी हिशेबनीस गमावण्याची किंमत यांची तुलना व्यापाऱ्याने स्वतःच करावी. ज्या समाजाने मुक्या प्राण्यांच्या वेदनेचाही विचार केला, त्या समाजाच्या पेढीवर मुकाट्याने सोसणाऱ्या हाताचा विचार होऊ नये, हे शोभणारे नाही.

पेढीइतकीच जबाबदारी घराची आहे. जी सून अथवा मुलगी दिवसभर संगणकावर काम करून गर्दीच्या गाडीने सायंकाळी घरी येते, तिच्या हाताचा दिवस तेथे संपत नाही. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक व्हावा अशी जेथे रीत आहे, तेथे तर तिला सकाळीच अर्धे काम उरकून जावे लागते. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, कपडे पिळणे, घट्ट झाकणे उघडणे या सर्व कामांत तेच मनगट आणि तोच अंगठा राबतो. डॉक्टर विश्रांती सांगतात, ती कार्यालयात मिळत नाही आणि घरात मागता येत नाही. कित्येक विवाहेच्छू मुली तर हात दुखतो हे बोलूनही दाखवीत नाहीत. बोलणी मोडतील अशी धास्ती असते. दुखणे लपविल्याने बरे होत नाही. ते उशिरा उघड होते, तेव्हा अधिक महाग पडते. कणीक घरातील पुरुषांनी मळली, पिळण्याचे काम यंत्राकडे अथवा दुसऱ्या हातांकडे दिले, तर घराची रीत मोडत नाही. एका हाताचा भार चार हातांनी वाटून घेणे हीच एकत्र कुटुंबाची खरी ओळख होय.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर आरंभापासूनच काळजी घेतली पाहिजे. शाळेतील मूल अंथरुणात लोळून तासन् तास मोबाइल अथवा लॅपटॉप पाहते, तेव्हा नोकरीला लागण्यापूर्वीच त्याची मान आणि अंगठा झिजू लागतो. अशा मुलाला रागावण्यापेक्षा वडिलांनी स्वतः जेवताना मोबाइल बाजूला ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. रोज थोडे चालणे आणि मान, खांदे व मनगट यांच्या हलक्या हालचाली करणे सर्वच वयांत हितकारक आहे. मात्र दुखत्या भागाला झटके देणे वा बळजबरीने ताणणे टाळावे.

बंधू-भगिनींनो, येत्या काही दिवसांत प्रत्येक पेढीच्या मालकाने एकदा आपल्या संगणकाच्या जागी स्वतः तासभर बसून पाहावे. पाय टेकतात का, मनगट वाकते का, पडदा पाहण्यासाठी मान झुकवावी लागते का, हे कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळेल. जे स्वतःला एक तास सोसत नाही, ते दुसऱ्याला आठ तास सोसावे लागू नये. आणि घरी गेल्यावर संगणकावर काम करणाऱ्या मुलाला, मुलीला अथवा सुनेला एकच प्रश्न विचारावा: "हात दुखतो का?" उत्तर होकारार्थी आले, तर त्यावर शंका न घेता ते ऐकून घ्यावे. उपचाराची पहिली पायरी तीच आहे.